संकल्प सोडताना

चैत्र शुद्ध प्रतिपदा जवळ आली आहे. घरोघरी गुढीची काठी धुऊन ठेवली जाईल, कडुनिंबाची कोवळी पालवी आणली जाईल, साखरेच्या गाठींनी बाजार भरतील आणि शालिवाहन शकाच्या नव्या संवत्सराचे स्वागत होईल. जुने पंचांग उतरवून नवे देवघराशेजारी टांगले जाईल. हा आनंदाचा दिवस आहे, तसाच तो हिशेबाचाही आहे. तीन महिन्यांपूर्वी, १ जानेवारीस, आपल्यापैकी अनेकांनी काही निश्चय केले होते. पहाटे उठण्याचे, चालण्याचे, वाचनाचे, तंबाखू सोडण्याचे, मुलांना वेळ देण्याचे. त्या निश्चयांचे आज काय झाले, हा प्रश्न पाडव्याची गुढी उभारण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे. इंग्रजी नववर्ष आपले की परके, हा वाद येथे अभिप्रेत नाही. निश्चय कोणत्याही दिवशी केलेला असो, तो टिकला का, एवढेच पाहावयाचे आहे.

उत्तर बहुतेक घरांत सारखेच मिळेल. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जालन्याच्या मोतीबागेत काय किंवा पुण्याच्या टेकड्यांवर काय, पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी असते. माघ सरता सरता नेहमीचीच माणसे उरतात. नव्या दैनंदिनीची पहिली वीस पाने सुवाच्य अक्षरांत भरलेली असतात आणि पुढे कोरा कागद असतो. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच घडविली नाही. मराठीत ‘आरंभशूर’ असा एक मार्मिक शब्द आहे आणि तो आपण बहुधा दुसऱ्यांसाठी वापरतो. प्रामाणिकपणे पाहिल्यास त्या शब्दाच्या आरशात आपल्यापैकी बहुतेकांचे तोंड दिसेल.

हा दोष केवळ आपल्याच समाजाचा आहे असेही नाही. अमेरिकेतील जॉन नॉरक्रॉस आणि डॉमिनिक व्हँगारेली या मानसशास्त्रज्ञांनी नववर्षाचे संकल्प करणाऱ्या सुमारे दोनशे व्यक्तींचा दोन वर्षे मागोवा घेतला व १९८८ च्या सुमारास आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या आठवड्यानंतर ७७ टक्के लोकांचा संकल्प शाबूत होता. दोन वर्षांनंतर तो केवळ १९ टक्क्यांचा उरला होता. हे आकडे निराश करणारे वाटतील. परंतु त्याच अभ्यासातील दुसरा आकडा अधिक विचार करावयास लावणारा आहे. जे अखेरपर्यंत यशस्वी झाले, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जण मध्यंतरी घसरले होते आणि दोन वर्षांतील अशा घसरणींची सरासरी १४ भरली. म्हणजे यशस्वी माणूस हा कधीही न चुकणारा माणूस नव्हे. तो चुकल्यानंतर परत येणारा माणूस आहे.

मग आपले निश्चय मोडतात ते कशामुळे? सर्वसामान्य उत्तर असे की, आपली इच्छाशक्ती दुबळी आहे. हे उत्तर सोयीचे आहे, कारण ते दिल्यावर पुढे काहीच करावे लागत नाही. आम्हाला मात्र वाटते की, दोष बहुतांशी इच्छाशक्तीचा नसून संकल्पाच्या घडणीचा आहे. आपण संकल्प करीत नाही. आपण केवळ इच्छा व्यक्त करतो आणि तिला संकल्प असे नाव देतो.

मराठीत ‘संकल्प सोडणे’ असा वाक्प्रयोग आहे. नव्या पिढीला त्याचा अर्थ उलटा वाटण्याची शक्यता आहे. परंतु संकल्प सोडणे म्हणजे तो टाकून देणे नव्हे. पूजेस बसलेला यजमान तळहातावर पाणी घेतो, संकल्पाचा उच्चार करतो आणि ते पाणी ताम्हणात सोडतो. ओंजळीतून सुटलेले पाणी परत घेता येत नाही, तसा उच्चारलेला शब्दही परत घेता येत नाही, हा त्यामागील भाव. त्याहून महत्त्वाचा आहे तो त्या उच्चारातील तपशील. आपण कोणत्या भूमीवर, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत. कोणते संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि वार आहे. आपले गोत्र आणि नाव काय. आणि हे कर्म आपण कशासाठी करीत आहोत, हे सारे क्रमाने सांगावे लागते. स्थळ, काळ, कर्ता आणि हेतू यांपैकी काहीही मोघम ठेवलेले नाही. शेजारी पुरोहित आणि कुटुंबीय साक्षीला असतात. त्याच्या शेजारी आपला ‘या वर्षी तब्येतीकडे लक्ष द्यायचे’ हा निश्चय ठेवून पाहावा. त्यात स्थळ नाही, वेळ नाही, परिमाण नाही आणि साक्षीदारही नाही. असा निश्चय मोडला असे म्हणणेही चूक आहे. तो कधी बांधलाच गेलेला नव्हता.

आपल्या आजी-पणजींनी हे शास्त्र कोणत्याही पुस्तकावाचून आत्मसात केले होते. त्यांची व्रते पाहावीत. सोळा सोमवारांच्या व्रतात संख्या ठरलेली, वार ठरलेला, नियम ठरलेला आणि शेवटी उद्यापनही ठरलेले. चातुर्मासाचा नियम आषाढी एकादशीला धरावयाचा आणि कार्तिकीनंतर सोडावयाचा. मग तो एखादा पदार्थ वर्ज्य करण्याचा असो, रोज पोथीचा एक अध्याय वाचण्याचा असो की एकभुक्त राहण्याचा असो. आजारपणाने किंवा अडचणीने एखादा सोमवार चुकला, तर तो पुढे धरून संख्या पुरी करावयाची, ही रीतही घरोघरी होती. चुकल्यानंतर ‘आता व्रत मोडलेच, तर सगळेच सोडून देऊ’ असे त्यांच्या मनात येत नसे. ज्यांना शाळेचे तोंडही पाहावयास मिळाले नाही, अशा स्त्रियांनी वर्षानुवर्षे नियम निभावले, ते त्यांचे मन पोलादाचे होते म्हणून नव्हे. त्यांच्या संकल्पाला आरंभ होता, मोजमाप होते, चुकीची सोय होती आणि शेवट होता. आजच्या आपल्या निश्चयांना उद्यापनच नसते. ‘आयुष्यभर रोज’ अशी मुदत घालणारा माणूस तिसऱ्याच आठवड्यात थकतो, यात नवल ते काय!

संकल्पाच्या या घडणीचे सर्वांत उत्तुंग उदाहरण पाहावयाचे तर मराठवाड्यातच जावे लागेल. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. समर्थ रामदासांचे हे जन्मस्थान म्हणून आज ते जांब समर्थ या नावानेच ओळखले जाते. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ मध्ये, रामनवमीस सूर्याजीपंत आणि राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. बारा वर्षांचा असताना लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकून तो निघून गेला, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. आपण ती मोठ्या कौतुकाने सांगतो, आणि तेथेच थांबतो. वास्तविक, मांडवातून निघून जाणे हा एका क्षणाचा निश्चय होता. असा आवेगाचा क्षण अनेकांच्या आयुष्यात येतो. नारायणाचा समर्थ झाला तो त्या क्षणामुळे नव्हे, तर त्यानंतरच्या चोवीस वर्षांमुळे.

ती चोवीस वर्षे कशी गेली, हे परंपरेने जपून ठेवले आहे. नाशिकजवळ गोदावरी आणि नंदिनी यांच्या संगमावर टाकळी येथे बारा वर्षे तपाचरण आणि त्यानंतर बारा वर्षे पायी भारतभ्रमण. टाकळीच्या तपाचा संकल्प काय होता? त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप, असे परंपरा सांगते. तेरा कोटी हा आकडा ऐकूनच छाती दडपते. परंतु त्याला बारा वर्षांच्या दिवसांनी भागून पाहावे. दिवसाला सुमारे तीस हजार एवढी संख्या येते. तीही लहान नाहीच. तथापि ती एका दिवसाची आहे, आणि आज ती पुरी झाली की नाही हे रात्री निजताना कळते. परंपरेतील संख्येवर वाद घालण्याचे कारण नाही. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, तो संकल्प ‘खूप उपासना करायची’ असा नव्हता. त्याला जागा होती, वेळ होती, संख्या होती आणि मुदत होती. पहाटेचे स्नान, सूर्यनमस्कार, संगमाच्या पाण्यात उभे राहून जप, माध्यान्ही माधुकरी, त्यानंतर अध्ययन असा दिवसाचा क्रम बांधलेला होता. बारा वर्षांचा डोंगर त्यांनी एकेका दिवसाच्या पायरीने चढला.

आणि बारा वर्षे पुरी झाल्यावर ते टाकळीतच बसून राहिले नाहीत. एक संकल्प पूर्ण झाला, पुढचा सुरू झाला. इ. स. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले आणि लोकसंघटनेचे काम हाती घेतले. पुढे त्यांनी अकरा मारुती स्थापन केले. प्रत्येक गावी मारुती उभा करावा अशी भव्य घोषणा करून ते थांबले नाहीत. मोजके अकरा उभे केले आणि त्यांपासून लोकांनी पुढे शेकडो उभे केले. ‘दासबोधा’चे वीस दशक आणि दोनशे समास वाचताना वाचकाचे लक्ष साहजिकच अध्यात्माकडे जाते. परंतु त्याच ग्रंथाच्या अकराव्या दशकात माणसाने पहाटेपासून दिवस कसा घालवावा याची साधी शिकवण आहे आणि एकोणिसाव्या दशकाचा आरंभच अक्षर कसे वळवावे, लेखन कसे करावे या विषयाने झाला आहे. ज्याला विश्वाची काळजी होती त्याला आपल्या शिष्याच्या लेखणीचा टाक नीट केलेला आहे की नाही याचीही काळजी होती. मोठे ध्येय आणि लहान शिस्त यांत त्यांना विरोध दिसला नाही.

यावर वाचक म्हणेल, समर्थ ते समर्थ. आम्ही प्रपंचातली माणसे. नोकरी आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, घरात आजारी वडील आहेत. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडे जाऊ. तो पूर्णपणे प्रपंचातला आहे.

जालन्याची मोसंबी प्रसिद्ध आहे. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मोसंबीच्या झाडाला वर्षातून तीन वेळा फुले येऊ शकतात. त्यांस आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार असे म्हणतात. जाणता बागायतदार तिन्ही बहार घेत नाही. आपल्या विहिरीचे पाणी, जमीन आणि बाजार पाहून तो एक बहार निवडतो. मग झाडाचे पाणी काही काळ तोडतो. याला ताण देणे म्हणतात. पाने पिवळी पडून गळू लागतात. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटते, बाग वाळली. योग्य वेळी ताण तोडून पाणी आणि खत दिले की झाड एकदम फुलावर येते. तिन्ही बहारांचा लोभ धरणाऱ्याच्या बागेत फळ धड कोणत्याच हंगामात येत नाही आणि झाड लवकर थकते. आपले नववर्षाचे संकल्प असेच तिन्ही बहार एकदम धरू पाहतात. व्यायामही, इंग्रजीही, संगीतही, बचतही, वाचनही! एक बहार निवडावा आणि बाकीच्यांना ताण द्यावा, ही मोसंबीच्या बागेची शिकवण मध्यमवर्गीय कुटुंबांनी मनावर घ्यावी अशी आहे.

परंतु शेतकऱ्याकडून घ्यावयाचा दुसरा धडा याहून खोल आहे. त्याच्या हाती पाऊस नाही. २०१२ मध्ये जालना जिल्ह्याने भीषण दुष्काळ पाहिला. पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागले आणि मुलांसारख्या वाढविलेल्या मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत वाळून गेल्या. अशा वेळी खचलेल्या माणसाला ‘मनोबल वाढवा, ध्येय मोठे ठेवा’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. ज्या गोष्टी माणसाच्या हाती नाहीत त्यांचा संकल्प करता येत नाही आणि त्या झाल्या नाहीत म्हणून त्याला दोष देणेही अन्यायाचे आहे.

त्याच जालना तालुक्यातील कडवंची गावाने मग काय केले? १९९६ च्या सुमारास या गावात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे काम सुरू झाले. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांचे मार्गदर्शन त्यास लाभले. विजयअण्णा बोराडे यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. पाऊस किती पडावा हे गावाने ठरविले नाही, कारण ते ठरविता येत नाही. पडेल तो पाऊस कोठे अडवावा, हे मात्र ठरविले. पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करावयाचे असते. आधी डोंगरउतारावर चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग नाल्यावर बांध. पायथ्याशी मोठा बंधारा घालून छायाचित्र काढणे सोपे असते. परंतु माथा मोकळा सोडला तर तो बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. या कार्यक्रमाच्या रचनेतच श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांचे बंधन होते, आणि गावाने आधी लहान क्षेत्रावर काम करून दाखवावे, मग पूर्ण आराखडा हाती घ्यावा, अशी पद्धत होती. पुढे गावात शेततळी झाली, द्राक्षाचे मळे उभे राहिले, आणि २०१२ च्या दुष्काळात आजूबाजूचा मुलूख होरपळत असताना कडवंचीच्या बागा तग धरून राहिल्या. हे फळ १९९६ च्या कोणा एका भाषणाचे नव्हते. दरवर्षी थोडे थोडे अडविलेल्या पाण्याचे होते.

कडवंचीची ही गोष्ट प्रत्येक घराला लागू आहे. मुलाला ‘९५ टक्के मिळव’ असे सांगणे म्हणजे पावसाचा संकल्प करणे. प्रश्नपत्रिका कशी निघेल, इतरांना किती गुण पडतील, हे त्याच्या हाती नाही. ‘रोज संध्याकाळी सात ते नऊ या खोलीत बसून अभ्यास करीन आणि रविवारी आठवड्याची उजळणी करीन’, हा बांधबंदिस्तीचा संकल्प आहे. तो संपूर्णपणे त्याच्या हाती आहे. ‘दहा किलो वजन घटवीन’ हा पाऊस. ‘रोज पाऊण तास चालेन आणि रात्रीचे जेवण आठच्या आत घेईन’ हा बांध. फळाची आशा धरू नये असे नाही. परंतु रोजच्या वहीत नोंद करावयाची ती कर्माची, फळाची नव्हे. फळाची नोंद ठेवणारा मुलगा एका वाईट निकालाने मोडतो. कर्माची नोंद ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सात वाजता कोठे बसावयाचे हे ठाऊक असते.

याच खरपुडीच्या केंद्राची आणखी एक गोष्ट उल्लेखनीय आहे. तेथे शेतकऱ्यांचे मासिक चर्चासत्र दर महिन्याच्या ५ तारखेला भरण्याची प्रथा आहे, आणि ती वर्षानुवर्षे चालत आली. निमंत्रणाची वाट पाहावयाची नाही, सोयीचा रविवार शोधावयाचा नाही. पाच तारीख म्हणजे चर्चासत्र, हे शेतकऱ्याच्या डोक्यात पक्के बसले. तारीख निश्चित झाली की दर वेळी नव्याने मन वळवावे लागत नाही. निर्णय एकदाच घेतलेला असतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात हेच प्रयोगांनी दाखविले. ‘अमुक वेळ आली, अमुक प्रसंग आला की मी अमुक करीन’ असे आधीच नेमके ठरविणाऱ्या व्यक्ती, नुसता हेतू बाळगणाऱ्यांपेक्षा आपले काम पुष्कळ अधिक प्रमाणात पार पाडतात, असे त्यांना आढळले. ‘देवापुढे दिवा लावला की परवचा म्हणायचा’ या आपल्या घरांतील जुन्या रिवाजात यापेक्षा निराळे काय होते?

सवय अंगवळणी पडण्यास किती दिवस लागतात? एकवीस दिवसांची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. लंडन येथील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींवर केलेल्या व २०१० मध्ये मुद्रित झालेल्या अभ्यासात मात्र हा काळ सरासरी ६६ दिवसांचा निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, तर काहींच्या बाबतीत हा काळ २५४ दिवसांपर्यंत जाईल असे अनुमान निघाले. त्यातच असेही दिसून आले की, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत फारशी बाधा येत नाही. आजींची चुकलेला सोमवार पुढे धरण्याची रीत येथे पुन्हा आठवावी. एक दिवस खंड पडणे हा अपघात आहे. त्या अपघाताचे निमित्त करून बाकीचे वर्ष सोडून देणे हा मात्र आपला स्वतःचा निर्णय असतो.

आता एक गोष्ट कार्यकर्त्यांना उद्देशून. नित्यतेचे मोल तुम्हाला सांगावे लागत नाही. ठरल्या वेळी ठरल्या मैदानावर उपस्थित राहण्याचा संस्कार तुमच्यावर झाला आहे. बैठक सातची असेल तर पावणेसातला पोहोचणारी माणसे तुम्ही. परंतु हीच शिस्त घराच्या उंबऱ्याच्या आत येते का? संघटनेला दिलेली वेळ कधी चुकत नाही, आणि मुलीला ‘रविवारी तुझी सायकल दुरुस्त करून आणू’ म्हणून दिलेला शब्द चार रविवार पुढे ढकलला जातो, अशी किती घरे आहेत? मूल तक्रार करीत नाही. ते फक्त शिकते. बाबांच्या शब्दाला बाहेर किंमत आहे, घरात नाही, हे ते शिकते. आणि पुढे तेच मूल स्वतःला दिलेला शब्दही तितक्याच सहजतेने मोडू लागते. मोडलेल्या संकल्पाची खरी हानी ही आहे. न झालेला व्यायाम पुढच्या वर्षी भरून काढता येईल. आपण बोलतो ते करतो, या स्वतःवरील विश्वासाला एकदा तडा गेला की तो सांधणे कठीण असते.

दुसरी गोष्ट कुटुंबांना उद्देशून. घरातील पुरुषाने पहाटे फिरण्याचा निश्चय केला की त्याचा चहा परतल्यावर तयार असतो. मुलाने अभ्यासाचा निश्चय केला की दूरदर्शन संच बंद होतो. परंतु त्याच घरातील गृहिणीने रोज अर्धा तास गायनाचा रियाज करण्याचे किंवा अपुरी राहिलेली पदवी पूर्ण करण्याचे मनात आणले, तर त्या अर्ध्या तासात कोणाचा तरी डबा, कोणाचे तरी औषध, कोणीतरी पाहुणा हमखास आडवा येतो. चैत्र संपता संपता ती म्हणते, ‘माझ्याच्याने होत नाही.’ हे खरे नसते. तिचा संकल्प तिने मोडलेला नसतो, घराने मोडलेला असतो. आपल्या माणसाच्या संकल्पासाठी जागा करून देणे हेही एक व्रत आहे, आणि ते घरातील प्रत्येकाने घ्यावयाचे आहे. संकल्पाला साक्षीदार लागतो तो पहारा देण्यासाठी नव्हे, हातभार लावण्यासाठी.

म्हणून या पाडव्याला एक साधी गोष्ट करावी, असे आम्ही सुचवितो. गुढीची पूजा झाली, कडुनिंबाचा प्रसाद वाटला की घरातील सर्वांनी पंचांगाच्या शेजारी दहा मिनिटे एकत्र बसावे. प्रत्येकाने एकच संकल्प सांगावा. कोठे, केव्हा, किती आणि कोणत्या दिवसापर्यंत, हे त्यात असावे. तो एका वहीत लिहावा आणि त्याच्यासाठी घराने काय सोडावयाचे तेही खाली लिहावे. आपल्या परंपरेने साडेतीन मुहूर्त दिले आहेत. ते केवळ सोनेखरेदीसाठी नाहीत. पाडव्याला आरंभ करावा. महिनाभराने अक्षय्य तृतीया येते. तेव्हा वही उघडून पाहावे की संकल्प आपल्या शक्तीला झेपतो आहे का, नसेल तर तो लहान करावा. त्यात कमीपणा नाही. दसऱ्याला पुन्हा पाहावे, आणि बलिप्रतिपदेला उद्यापन करावे. जो संकल्प सिद्धीस गेला असेल त्याचे घरात कौतुक व्हावे. जो राहिला असेल त्याच्या कर्त्याला टोमणा न मारता ‘पुढे धरू’ असे म्हणावे.

कडुनिंबाची चटणी करताना आपण तिच्यात गूळ घालतो, पण कडूपणा पुरता झाकत नाही. वर्षाचा आरंभ थोड्या कडू घासाने करण्याची ही रीत मोठी शहाणपणाची आहे. मागील वर्षी आपण काय करू म्हणालो होतो आणि काय केले, हा हिशेबही तसाच कडू लागेल. तो गिळून, ओंजळीत पुन्हा पाणी घ्यावे. जांबच्या नारायणाने तेरा कोटींचा डोंगर एकेका दिवसाने पार केला, कडवंचीच्या माणसांनी आभाळाकडे पाहत न बसता माथ्यावर पहिला चर खणला. आपल्यालाही पहिला चर खणावयाचा आहे, तोही स्वतःच्याच अंगणात.

या वर्षी संकल्प सोडू या. त्या शब्दाच्या जुन्या आणि खऱ्या अर्थाने. वाचकांना नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा.